सटवाईचे अक्षर

मूल जन्मल्याच्या पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. तिची अडचण होऊ नये म्हणून पूजेच्या पाट्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. माझ्या पाचवीला घरात लेखणी सापडेना, तेव्हा वडिलांचे बॉलपेन ठेवले, आणि सकाळी पाहिले तो ते वाळलेले निघाले, असे आई हसत हसत सांगे. मी मॅट्रिकच्या पुढे कॉलेजात गेलो नाही, चित्रकलेची पदविका घेऊन तालुक्याच्या एका गावी ड्रॉइंग-मास्तर झालो, आणि चार कादंबऱ्या लिहूनही मला फारसे कोणी ओळखत नाही, या सर्वांचे मूळ त्या वाळलेल्या पेनात असावे असे मानायला माझी हरकत नाही. सटवाईने लिहिलेले कोणाला वाचता येत नाही, ही त्या समजुतीतली मोठी सोय आहे. वाचता येत नाही, म्हणून त्याचा जाबही कोणी विचारीत नाही.

ती सोय आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. शिबिरे होतात, बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतात, आणि यथावकाश एक कार्ड हाती येते. त्यावरून आपण तीनपैकी कोण ते कळते: ए.ए., ए.एस. की एस.एस. बी.ए., एम.ए. न समजणारा माणूस आमच्याकडे भेटेल, परंतु ‘ए.एस. पॅटर्न’ म्हणजे काय ते न समजणारा भेटणार नाही. निदान आपल्याला ते समजते असे त्याला वाटत असते.

तीन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी असे कार्ड घेऊन घरी आली. बारावी होऊन शिवणकाम करीत होती. ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “सर, मले पाहाले येऊन रायले. माह्यं कार्ड ए.एस. आहे. दाखवू का नोको दाखवू? बाबा म्हन्ते, कोनी विचारलंच नाही तं कायले सांगाचं?”

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “सांग. स्पष्ट सांग.”

त्या ‘सांग’ची गोष्ट मला येथे करायची आहे. नीतीच्या प्रश्नावर अधिकाराने लिहावे एवढे माझे शिक्षण नाही. पण सल्ला दिला होता, आणि दिलेल्या सल्ल्याचा हिशेब मास्तरानेही द्यावा लागतो.

इतक्या झटकन मी ‘सांग’ म्हणालो याला कारण होते. त्याच्या काही वर्षे आधी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. काटकुळा, डोळ्यांत पिवळसर झाक, आणि हात मात्र असा की दोन रेघांत बैलाचे वशिंड उभे करी. पावसाळ्यात आणि थंडीत तो आठ-आठ दिवस शाळेत येत नसे. आला की म्हणे, हाडांत कोणी पाचर ठोकल्यासारखे दुखते. आम्हा मास्तरांना पोरांच्या पोटदुख्या-डोकेदुख्या पाठ. मी त्याला एकदा गैरहजेरीबद्दल तासभर बाकावर उभे केले होते. नववीत असताना दिवाळीच्या सुटीत तो गेला. एस.एस. होता. आईबाप दोघेही धडधाकट, शेतात राबणारे. मुलगा गेल्यावर त्यांचे रक्त तपासले तेव्हा दोघेही ए.एस. निघाले. लग्नाआधी ते कोणी पाहिले नव्हते, कारण पाहायचे असते हेच कोणाला ठाऊक नव्हते. तो तासभराचा बाक अजून माझ्या वर्गात आहे.

आता ही भानगड काय आहे ते माझ्या मास्तरी भाषेत सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत एक पोथी असते. तिची वर्णमाला चार अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. एकेका बाजूच्या, म्हणजे आईकडच्या किंवा बापाकडच्या, पोथीत अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे. तीनतीन अक्षरांचा एकेक शब्द, आणि शब्दागणिक प्रथिनाच्या माळेत एकेक मणी ओवला जातो. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनाच्या एका माळेत १४६ मणी असतात. त्यातल्या सहाव्या मण्याच्या शब्दात ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ पडले की ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलिन ओवले जाते. बस्स, एवढेच. एका अक्षराचा फेर. परंतु प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून त्याच्या काड्या होतात, वाटोळी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, आणि मुलाच्या हाडांत पाचर बसते. (सटवाईची सहावी रात्र आणि हा सहावा मणी यांचा संबंध जोडण्याचा मोह मला झाला होता. तो मी आवरला आहे.)

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टराने या वाकड्या पेशींची पहिली नोंद छापली. त्याचा रोगी वेस्ट इंडीजमधून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण होता. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रोगाचे मूळ हिमोग्लोबिनाच्या रेणूतच आहे, आणि १९५६-५७ च्या सुमारास व्हर्नन इनग्रॅमने तो बदललेला मणी नेमका शोधून काढला. आपल्याकडे १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हे रक्त आढळले आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील रोगाबद्दल लिहिले. म्हणजे आमच्या मुलाच्या आजोबांच्या उमेदीच्या काळात नागपुरात हे ठाऊक होते. नागपूर आमच्या गावापासून एस.टी.ने तीन-चार तासांवर आहे. ज्ञानाला यायला साठ वर्षे लागली.

हे अक्षर एकाच बाजूच्या पोथीत बदललेले असेल तर माणूस ए.एस., म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोन्हीकडे बदललेले असेल तर एस.एस. दोन वाहकांनी लग्न केले तर प्रत्येक खेपेस चारातली एक शक्यता आजारी मुलाची, दोन वाहकाच्या, एक अगदी मोकळ्या मुलाची. वाहकाने ए.ए. माणसाशी लग्न केले तर एकही मूल आजारी निपजत नाही. त्या दिवशी मी मुलीला वहीच्या मागच्या पानावर चार चौकटी काढून हे समजावून दिले होते. पान फाडून तिने ते कार्डासोबत ठेवले.

पाहायला आलेल्या मंडळींना तिने कार्ड दाखवले, आणि चौकटीही. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, ‘कळवतो’ म्हणाले, आणि कळवले नाही. मग गावात बोलवा झाली. पुढची दोन स्थळे दारापर्यंतसुद्धा आली नाहीत. तिच्या धाकट्या बहिणीचा तर रक्ताचा थेंबही कोणी तपासलेला नव्हता, पण तिलाही लोक ‘त्या घरातली’ म्हणू लागले. तिचे वडील रस्त्यात भेटले की मला नमस्कार करीत, पूर्वीसारखाच, आणि त्या नमस्काराने मला पुरेपूर शिक्षा होई.

खरे बोलावे हे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. मुलगी खरे बोलली. मग चुकले कोठे? पुष्कळ दिवस मी पाहुण्यांच्या अडाणीपणाला बोल लावून मोकळा होत होतो. मग एके रात्री एकदम ध्यानात आले की त्या बैठकीत नवऱ्या मुलाचे कार्ड कोणी मागितलेच नव्हते. तिने विचारले नाही, तिच्या बापाने नाही, आणि ‘स्पष्ट सांग’ म्हणणाऱ्या मीही ‘स्पष्ट विचार’ असे म्हटले नव्हते. ज्या गणिताला दोन आकडे लागतात, ते एकट्या मुलीच्या आकड्यावर सोडवून लोक उठून गेले. दोघांनी एकमेकांस सांगितले असते तर ती चौकशी झाली असती. एकटीने सांगितला, तो कबुलीजबाब झाला. मुलीने कबूल करावे आणि मुलाकडच्यांनी न्याय द्यावा, हा आपला विवाहाच्या बाजाराचा जुना शिरस्ता आहे. मी त्यात विज्ञानाची भर घातली.

असे केवळ आमच्याच गावी घडले असे मात्र नाही. ग्रीस देशात ऑर्कोमेनोस नावाचे एक शेतकरी गाव आहे. तेथेही हे अक्षर पुष्कळांत, आणि लग्ने तेथेही घरच्यांनी जुळवायची. तेथे लोकांचे रक्त तपासून त्यांना समजावून सांगण्यात आले, आणि त्याचे काय झाले ते स्टॅमाटोयानोपोलोस या शास्त्रज्ञाने १९७४ साली प्रसिद्ध केले. वाहकांवर कलंक बसला. कित्येकांनी लग्न ठरवताना ते लपवले. आणि वाहक-वाहकांची लग्ने योगायोगाने जेवढी व्हायची तेवढीच झाली. तपासणीने दुःख तेवढे वाढले, रोग होता तेथेच राहिला. हे मला आधी ठाऊक असते तर मी दुसरे काही बोललो असतो का? सांगवत नाही. तो बाक माझ्या डोळ्यांसमोर होताच.

पॉलिंगचे नाव वर आले आहे. रसायनशास्त्राचे आणि शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके मिळालेला हा थोर मनुष्य. त्याने १९६८ साली असे सुचवले होते की ज्यांच्यात हे किंवा यासारखे अक्षर आहे त्या तरुण माणसांच्या कपाळावर तशी खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडण्याआधीच सावध होतील. हेतू दयेचा होता. जन्मणाऱ्या मुलाचे हाल त्याला पाहवत नव्हते. मी हे प्रथम वाचले तेव्हा अंगावर काटा आला, आणि लगोलग वाटले की मी तरी निराळे काय केले? सटवाईने निदान न दिसेल असे लिहिले होते. मी मुलीला ते गोंदवून घ्यायला लावले, आणि तेही तिच्या एकटीच्या कपाळावर.

याच्या उलट टोकाचा प्रसंग आइसलँडमध्ये आला. तेथल्या एका कंपनीने देशातल्या पुष्कळ लोकांचे जनुकलेख वाचून ठेवले, आणि त्यावरून कोणाकोणात स्तनाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढवणारे अक्षर आहे ते तिला काढता येऊ लागले. आता ज्याने विचारलेले नाही त्याला जाऊन सांगावे काय? कंपनीचा प्रमुख म्हणे, सांगा, जीव वाचतील. सरकारी बाजू म्हणे, न कळू देण्याचाही माणसाला हक्क आहे. अखेर २०१८ साली असे दार उघडले की ज्याला हवे त्याने आपण होऊन विचारावे. मला हा तोडगा सभ्य वाटतो. पण आमच्या प्रश्नाला तो पुरत नाही, कारण कर्करोगाचे अक्षर ज्याचे त्याच्या शरीरात घात करते, आणि आमचे अक्षर अजून न जन्मलेल्या तिसऱ्याच्या. त्या तिसऱ्याला विचारता येत नाही. माझ्या वर्गातल्या मुलाला कोणी विचारले नव्हते.

तेव्हा कळावे हे मला मान्यच आहे. अडते ते कळलेल्याला आपण नाव काय देतो तेथे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी एका घराण्याचा नाश दाखवला आहे आणि त्याचे कारण म्हणून ‘रक्तातला दोष’ हे शब्द मोठ्या थाटात वापरले आहेत. कोणता दोष, हे मी ठरवलेसुद्धा नव्हते. वाचनालयातून ती कादंबरी आमच्या गावात बरीच फिरली. मुलगी पाहायला आलेल्यांनी ती वाचली असेल असे नाही, परंतु तो शब्द त्यांच्या तोंडी आयता कोठून येतो याचा विचार करताना मला माझे पुस्तक आठवते.

दोष, चूक, बिघाड. मास्तराच्या हाती लाल शाई असली की प्रत्येक फेर त्याला चूकच दिसतो. या अक्षराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. अँथनी ॲलिसन या केनियात वाढलेल्या डॉक्टराने १९५४ साली दाखवून दिले की ज्यांच्यात हे अक्षर एकेरी असते, त्यांना हिवतापापासून, त्यातही जीवघेण्या हिवतापापासून, संरक्षण मिळते. म्हणून जेथे डास तेथे हे अक्षर टिकले. पुढे संपूर्ण पोथ्या वाचण्याची सोय झाल्यावर २०१८ साली श्रायनर आणि रोटिमी यांनी अनेकांच्या जनुकलेखांत या अक्षराच्या आजूबाजूचा मजकूर ताडून पाहिला. जुन्या हस्तलिखितांच्या नकला ताडून मूळ प्रत कोठली ते पंडित काढतात, तशीच ही रीत. त्यांचा निष्कर्ष असा की हे अक्षर आफ्रिकेत सुमारे ७३०० वर्षांपूर्वी, सहारा हिरवा होता त्या काळात, एकाच मुलात प्रथम उमटले, आणि अरबस्तानातले व आपल्याकडचेही त्याचेच वंशज. पूर्वी आपल्याकडचे अक्षर स्वतंत्रपणे उपजले असे मानीत, आणि नवे मत सगळ्यांनीच मान्य केले आहे असे नाही. पण ते खरे असेल तर माझ्या विद्यार्थिनीच्या रक्तात एका आफ्रिकी बालकाची सही आहे. त्या बालकाला ताप आला असेल, आणि ते वाचले असेल. आमच्या शेजारच्या गडचिरोलीच्या जंगलात हिवतापाने किती घरे ओस पडली ते जुनी माणसे सांगतात. जी उरली त्यांत हिचे आजे-पणजे होते.

म्हणून हे अक्षर पूजनीय आहे असे मी म्हणणार नाही. मुलाच्या हाडांतली पाचर खरी होती. एकाच अक्षराने पणजा वाचला आणि नातू मेला, आणि दोन्ही वेळा अक्षराच्या मनात काहीच नव्हते, एवढेच मला कळते.

अलीकडे मी गव्हाबद्दल वाचले. गव्हाची पोथी आपल्या पाचपट मोठी आहे. ती २०१८ साली बऱ्यापैकी पुरी लावून झाली. तांबेऱ्याला तोंड देणारी अक्षरे त्यात हुडकायची, ती असलेले बियाणे ठेवायचे, बाकीचे टाकायचे. शेतकऱ्याच्या घरी हे कोणाला खटकायचे नाही. बी निवडतानाच चाळणी लावायची असते. आणि टाकलेल्या लोंबीला धाकटी बहीण नसते. माणसांच्या बाबतीत चाळणीची भाषा नकळत शिरते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांच्या आतल्या सात कोटी लोकांना तपासायचे आणि २०४७ पर्यंत रोग संपवायचा. काम चांगले आहे, माझा त्याला पाठिंबा आहे. लग्नाआधी पत्रिकेसारखी कार्डे जुळवून पाहा, असे शिबिरात सांगतात तेही योग्य आहे. पण ‘निर्मूलन’ हा शब्द ऐकला की आमचे लोक मूळ शोधू लागतात, आणि मूळ म्हणजे शेजारची मुलगी असा अर्थ लावतात. रोगावर हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळी आहे, तिने दुखण्याचे झटके कमी होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत जनुक दुरुस्त करण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली, त्याची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर सांगितली गेली. आमच्याकडे ती गोळी दरमहा न चुकता मिळाली तरी पुष्कळ.

आज कार्डावर एकच अक्षर आहे, आणि त्यासाठी पोथी वाचावी लागत नाही, थेंबभर रक्ताच्या साध्या परीक्षेने काम भागते. उद्याचे काय? मानवाची पोथी वाचण्याचे मोठे काम १९९० साली सुरू झाले आणि २००३ साली पुरे झाल्याचे जाहीर झाले. राहिलेल्या गाळलेल्या जागा २०२२ साली भरल्या. आपल्या देशातही दहा हजारांच्या आसपास माणसांचे जनुकलेख वाचण्याचे काम झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांना खुले करण्यात आले. त्यातून शास्त्रज्ञांना जे आधीच ठाऊक होते तेच पुन्हा दिसते, की प्रत्येक माणूस कसल्या ना कसल्या रोगाच्या एकेरी अक्षराचा वाहक असतो. ए.ए. कार्डवालाही. त्याच्या कार्डावर फक्त ते एक अक्षर पाहिलेले असते, बाकीच्या पानांची घडी कोणी उलगडलेली नसते. अमेरिकेने जनुकांवरून नोकरी आणि आरोग्यविमा नाकारण्याला २००८ साली कायद्याने बंदी केली. आमच्याकडे लग्ने जुळवणाऱ्या काकूंना कोणता कायदा लावणार?

एवढे सगळे मनात घोळल्यावर मी एकदा शिबिरात रांगेत उभा राहिलो. नर्सताई हसल्या. म्हणाल्या, “सर, तुमचं वय झालं. हे चाळिशीच्या आतल्यांचं आहे.” मग पैसे भरून चंद्रपूरला एका प्रयोगशाळेत रक्त दिले. बेचाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाला ते कशाला हवे होते? मला पाहायचे होते की कागद हाती येण्याआधी कसे वाटते. दोन दिवसांनी कागद आला: ए.ए. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. मी स्टँडवर उभ्या उभ्या दोन कप चहा प्यायलो. आणि दुसरा कप संपायच्या आत मला माझ्या त्या हायसे वाटण्याची लाज वाटली. मुलगी पाहायला येणाऱ्या मंडळींत मी पहिल्यापासूनच बसलेला होतो.

गेल्या श्रावणात ती पुन्हा आली. लग्न झालेले नाही. आता शिबिराच्या दिवशी नाव-नोंदणीच्या टेबलावर बसते. म्हणाली, “सर, आता कोनी पाहाले आलं तं मी पयले विचारतो, तुमचं कार्ड कोठी आहे? अर्ध्याइच्याजवळ नसतेच. मंग म्हन्तो, जा, आनून दाखवा, मंग पोहे.” आणि हसली. तिला मोठ्या कार्डशीटवर चार चौकटी काढून हव्या होत्या, शिबिरात लावायला. एका बाजूला आई, एका बाजूला बाप, दोघांचीही अक्षरे सारखी मोठी.

मी रेघा आखल्या, ब्रश धुतला, आणि सवयीने बदललेल्या अक्षरासाठी लाल रंगाची बाटली उघडली.

“लाल नोको सर,” ती म्हणाली. “लाल पाह्यलं का चुकलं वाटते.”

मी निळी बाटली घेतली.